पडलेल्यांचा हिशेब कोणीं मागावा?

वसईच्या किल्ल्याचा तट जेथें समुद्राकडे तोंड करून उभा आहे, तेथेंच त्याच्या कुशीला पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. मच्छीमार बोटी किनाऱ्यास लागूं लागल्या म्हणजे तेथें एक गोष्ट न बोलतां घडते. कोणती बोट आली, कोणती यावयाची आहे, आणि आलेल्या बोटींतून किती जण उतरले, हें बंदरावर उभ्या असलेल्या बायका आधीं पाहतात. म्हावरें किती मिळालें हें त्या नंतर विचारतात. वाऱ्याचा रंग बदललेला पाहून जाळें अर्धें टाकून तांडेलानें बोट मागें वळविली, तर त्यास भ्याड म्हणणारा माणूस या वस्तींत मिळावयाचा नाहीं. माणसें मोजणें आणि वेळीं मागें फिरणें या दोन गोष्टी समुद्रावर पोट भरणाऱ्या लोकांस शहाणपणाच्या वाटतात. देशाच्या कारभारांत मात्र त्याच दोन गोष्टींस द्रोहाचा वास येऊं लागतो. रणांत किती पडले असें विचारणारा शत्रूचा हस्तक ठरतो, आणि फौज परत आणावी असें म्हणणारा पडलेल्यांच्या रक्ताचा अपमान करणारा ठरतो. हा समज आमच्या सार्वजनिक आयुष्यांत इतका मुरला आहे कीं, त्याची एकदां नीट उलटतपासणी होणें अवश्य झालें आहे.

या कामीं पहिला साक्षीदार पाचूबंदराच्या डोक्यावरच उभा आहे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांच्या हातीं गेली आणि दोन शतकें त्यांच्याकडे राहिली. १७३७ सालीं चिमाजीअप्पांनीं ठाणें घेतलें, साष्टी मोकळी केली आणि वसईस मोर्चे लागले. परंतु त्या सालीं वसई आली नाहीं. पावसाळा आडवा आला, हल्ले फसले, आणि पुढच्या हिवाळ्यांत बाजीरावांस भोपाळास निजामाशीं गांठ घालावयाची असल्यामुळें राज्याचा सारा जोर तिकडे ओढला गेला. १७३८ च्या अखेरीस अप्पा पुन्हां कोंकणांत उतरले. १७३९ च्या जानेवारींत माहीम आणि तारापूर पडलें. तारापुरास बाजी भीवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जिवाभावाचा सरदार कामास आला. फेब्रुवारींत अप्पा वसईपुढें येऊन बसले. किल्ल्याच्या तीन अंगांस पाणी. चौथ्या अंगास वाळू, दलदल आणि तिच्या माथ्यावर बुरुजांवरच्या तोफा. आंत शिरावयाचें तें याच अंगानें.

नेमक्या याच वेळीं फौज मोकळी करण्याचा प्रश्न उभा राहिला. इराणचा नादिरशहा फेब्रुवारींत कर्नाळच्या मैदानावर मोगल बादशहास जिंकून मार्चांत दिल्लींत शिरला आणि तेथें त्यानें कत्तल मांडली. बाजीराव उत्तरेच्या वाटेवर फौजेची जुळवाजुळव करीत होते. ग्रँट डफनें त्यांचे जे उद्गार दिले आहेत त्यांचा भावार्थ असा कीं, नादिरशहापुढें फिरंग्यांचें युद्ध कांहींच नव्हे. आतां हिंदुस्थानास शत्रु एकच. म्हणजे राज्याच्या मुख्य प्रधानाच्या दृष्टीनें वसई त्या घटकेस गौण झाली होती, आणि राज्याची उत्तम फौज तिच्याच तटाखालीं अडकून पडली होती. आतां अप्पांच्या जागीं उभें राहून पाहावें. दोन वर्षें, हजारों माणसें आणि अलोट पैसा ओतून किल्ला हाताशीं आलेला. मृग लागला कीं खंदकांत पाणी भरेल, मोर्चे वाहून जातील, आणि पुढच्या हिवाळ्यांत पुन्हां पहिल्यापासून आरंभ. एका भावास राज्याचा सारा पट दिसत होता आणि दुसऱ्यास समोरची भिंत, असा हा पेंच होता. दोघेही शूर, दोघेही राज्याचे हितकर्ते, आणि दोघांचेंही म्हणणें विचार करण्याजोगें. वसईची फौज लवकर मोकळी व्हावी असें ज्यास वाटत होतें त्यास कोणी फितूर म्हटलें नाहीं. म्हणण्याची छाती तरी कोणास झाली असती? तो बाजीराव होता.

अप्पा उठले नाहींत. मे महिन्यांत सुरुंगांनीं तटास खिंडार पडलें आणि मराठ्यांनीं लागोपाठ हल्ले चढविले. एक सुरुंग वेळ चुकून उडाला आणि हल्ल्यास धांवलेलीं आपलींच माणसें त्यांत सांपडलीं. तरी लोक हटले नाहींत, आणि अखेर पोर्तुगिजांनीं तहाचें बोलणें लाविलें. तहाच्या अटी विजेत्यास शोभणाऱ्या होत्या. शिबंदीनें आठ दिवसांत शस्त्रांसह मानानें निघून जावें, आणि मागें राहतील त्या ख्रिस्ती लोकांनीं आपला धर्म निर्वेध पाळावा, असें ठरलें. पाचूबंदरांत आज हिंदु कोळी आणि ख्रिस्ती कोळी एकाच वाळूवर बोंबील वाळवितात, याचें थोडें श्रेय त्या कलमास आहे.

आणि या विजयाची किंमत? मराठ्यांच्या स्वतःच्याच कबुलीप्रमाणें वेढ्यांत त्यांचीं मेलेलीं आणि जखमी माणसें मिळून ५,००० वर गेलीं. आंतल्या पोर्तुगिजांचा आंकडा ८०० चा सांगतात. म्हणजे त्यांच्या एकास आमचे सहा. हा आंकडा आमच्या मुलांच्या तोंडीं नाहीं. त्यांच्या तोंडीं आहे ती तोफेची आख्यायिका. किल्ला येत नसेल तर मला तोफेच्या तोंडीं देऊन माझें शीर तरी आंत फेंका, असें अप्पा म्हणाले अशी ती कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिच्यांत एकच शीर आहे. पांच हजार शिरें त्या एका शिराच्या आड लपलीं, हें आमच्या इतिहास शिकविण्याच्या रीतीचें फळ आहे. किल्ल्यांतल्या पडक्या देवळांत हिंडूं लागलें म्हणजे पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांवरचीं अक्षरें अजून वाचतां येतात; ज्यांनीं तीं देवळें जिंकलीं त्या मावळ्यांच्या, भंडाऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या नांवाचें एकही अक्षर दृष्टीस पडत नाहीं. पुतळा उभा राहिला तो सेनापतीचा.

परंतु पेशवाईस एका गोष्टीचें श्रेय दिलेंच पाहिजे. लढाईंत पडलेल्या माणसाच्या पोरांस बालपरवेशी देण्याची चाल त्या राज्यांत होती. बालपरवेशी द्यावयाची म्हणजे कोण पडला, कोठें पडला, त्याच्या मागें कोण आहे, हें लिहून ठेवणें आलें. बाजी भीवरावाच्या मातोश्रीस पेशव्यांकडून सांत्वनाचें पत्र गेलें. साध्या शिपायाच्या घरीं पत्र गेलें नसेल, तरी दप्तरांत त्याच्या नांवाची ओळ पडण्यास एक कारण होतें. वकिलाच्या भाषेंत सांगावयाचें तर मृतांची यादी ही राज्यानें लिहून दिलेली देण्याची कबुली होय. जो यादी देत नाहीं तो देणें नाकबूल करतो. आजच्या वादाचें मूळ आमच्या मतें येथेंच आहे, आणि युद्ध न्याय्य कीं अन्याय्य हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

ज्या वसईसाठीं एवढें रक्त सांडलें तिचें पुढें काय झालें हेंही वाचकांनीं विसरूं नये. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला, आणि निदान सहा हजार इंग्रजी पायदळ आपल्या मुलखांत कायमचें ठेवून घेण्यास व त्याच्या खर्चासाठीं मुलूख तोडून देण्यास मान्यता दिली. पांच हजारांनीं मिळविलेलें एका सहीनें गेलें. ती सही करण्यापूर्वीं शिंदे, होळकर, भोसले यांपैकीं कोणाचीही संमति घेतली गेली नव्हती. ज्या राज्यांत फौजेसंबंधीं निर्णय एका दालनांत होतात, तेथें एखाद्या वेळीं चिमाजीअप्पा असतो आणि एखाद्या वेळीं दुसरा बाजीराव असतो. प्रजेस निवड करतां येत नाहीं.

पुढें सव्वाशें वर्षें आमचीं माणसें दुसऱ्याच्या युद्धांत पडलीं. पहिल्या महायुद्धांत सुमारें ७४ हजार हिंदी शिपाई मेले. पुणें डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन, आणि तिच्यांतील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी, मेसोपोटेमियांत बगदादच्या लोभानें पुढें ढकलल्या गेल्या, टेसिफनास हटल्या, कुतास वेढल्या गेल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं उपाशीं पोटीं शरण गेल्या. जखमींचे जे हाल झाले ते वरिष्ठांनीं तारांतून झांकून ठेविले. परंतु झांकलेलें फार दिवस झांकून राहिलें नाहीं. १९१७ सालीं मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल बाहेर पडला आणि स्टेट सेक्रेटरी ऑस्टिन चेंबर्लेन यांनीं राजीनामा दिला. परकी सत्ता होती, तरी तिच्या घरच्या पार्लमेंटापुढें तिला हिशेब द्यावा लागला. फरक इतकाच कीं तो हिशेब लंडनास झाला. सातारा जिल्ह्यांतील अपशिंग्याच्या ज्या ४६ जवानांस त्या महायुद्धांत मरण आलें, त्यांच्या घरच्यांस त्यांत बोलण्याचा अधिकार नव्हता. हीच गोष्ट १० जून १९१८ रोजीं मुंबईच्या युद्धपरिषदेंत लोकमान्य टिळक सांगूं पाहात होते. फौजेस माणसें हवीं तर आधीं त्या माणसांच्या देशास स्वराज्य द्या, एवढाच त्यांचा मुद्दा. गव्हर्नर विलिंग्डन यांनीं त्यांस मध्येंच थांबविलें आणि टिळक सभा सोडून निघाले.

टिळकांचें वाक्य पुरें झालें तें सत्तावीस वर्षांनीं, आणि तेंही समुद्रावर. १९४५ च्या ऑगस्टांत जपाननें शस्त्र खालीं ठेविलें, इंडोनेशियानें स्वातंत्र्य पुकारलें, आणि डच साम्राज्य पुन्हां गादीवर बसविण्याच्या कामीं इंग्रजांनीं हिंदी फौज जाव्यास धाडली. ऑक्टोबर २५ रोजीं ४९ वी हिंदी ब्रिगेड सुराबाया बंदरांत उतरली. तिच्या तीन पलटणींपैकीं दोन पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या होत्या, चौथी आणि सहावी. त्यांस सांगितलेलें काम कैद्यांची व नजरबंदांची सुटका हें होतें, आणि म्हणून त्यांच्या तुकड्या शहरभर लहान लहान नाक्यांवर विखरून ठेविल्या होत्या. ब्रिगेडियर मॅलबी यांनीं तेथील पुढाऱ्यांशीं समजुतीचें बोलणें केलेलें असतां, बटाव्हियाहून आलेल्या विमानांनीं ‘शस्त्रें टाका’ अशीं पत्रकें शहरावर उधळलीं. लोक खवळले. विखुरलेल्या नाक्यांवर हजारोंचा लोंढा पडला आणि दोन दिवसांत ब्रिगेडचे सुमारें दोनशें लोक कापले गेले. तारीख ३० रोजीं मॅलबीही मारले गेले. त्याचा सूड नोव्हेंबर १० पासून तीन आठवडे चालला. त्यांत हजारों इंडोनेशियन पडले, आणि त्यांच्यावर गोळी झाडणारे हातही बहुतांशीं हिंदीच होते. तो १० नोव्हेंबर इंडोनेशियांत आज वीरांचा दिवस म्हणून पाळतात.

सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडचे जे शेतकऱ्यांचे मुलगे जर्मनांशीं आणि जपान्यांशीं लढले, त्यांनीं तें युद्ध आपलें मानलें असेल वा नसेल. परंतु डचांच्या चहाच्या मळ्यांसाठीं सुराबायाच्या गल्लींत मरण्याचें कारण त्यांस कोणी सांगूं शकलें नसतें. येथें पहिल्यानेंच या देशांत फौज परत आणा ही मागणी उघड्या मैदानांत आली. पंडित नेहरूंनीं आणि काँग्रेसनें निषेध केला. सिडनीच्या बंदरांत हिंदी खलाशांनीं डच बोटींवर काम करण्याचें नाकारलें; पगारावर पाणी सोडून परक्यांच्या स्वातंत्र्यासाठीं बोटीवरून उतरणारे हे गरीब लोक आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत शोधूनही सांपडत नाहींत. आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईस ‘तलवार’ या ठाण्यावर आरमारी सैनिकांनीं जो संप पुकारला, त्यांच्या मागण्यांत जेवणाच्या व पगाराच्या तक्रारींच्या बरोबरीनें एक मागणी अशी होती कीं, इंडोनेशियांतील हिंदी फौज मागें घ्यावी. ही मागणी वाचून आम्हांस नेहमीं नवल वाटतें. जेवणांत खडे सांपडतात म्हणून संप करणाऱ्या विशीच्या पोरांस जाव्यांतल्या पलटणी आठवाव्यात! शिपायानेंच शिपायाच्या वतीनें प्रश्न विचारला. चार दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारांत दोनशेंहून अधिक माणसें पडलीं, आणि सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून सैनिकांनीं तारीख २३ रोजीं शस्त्रें खालीं ठेविलीं. परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत नेहरूंचें हंगामी सरकार आलें आणि नोव्हेंबरअखेर शेवटची हिंदी पलटण इंडोनेशियांतून निघाली. फौज परत आल्यानें हिंदुस्थानची अब्रू गेली असें म्हणणारा त्या वेळीं निघाला नाहीं, आजही निघणार नाहीं.

यावर असें म्हणतील कीं, तीं परक्यांचीं युद्धें होतीं. स्वराज्यांत हा प्रश्न उद्भवत नाहीं. तो उद्भवला, आणि फार कठीण रूपानें उद्भवला. २९ जुलै १९८७ रोजीं कोलंबोस करार झाला आणि लगोलग भारताची शांतिसेना श्रीलंकेंत उतरली. तामिळ वाघांचीं शस्त्रें गोळा करावयाचीं आणि शांतता राखावयाची, एवढेंच काम. दोन-अडीच महिन्यांत त्याच वाघांशीं उघडें युद्ध जुंपलें. ऑक्टोबर ११ च्या रात्रीं जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनें उतरविलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांच्या तुकडीपैकीं एकोणतीस मेले आणि एक कैद झाला. २५ नोव्हेंबरला मुंबईस जन्मलेले आणि मुंबईसच शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन्‌, महार रेजिमेंटची आठवी पलटण, छातींत गोळी लागल्यावरही लढत राहून पडले. त्यांस परमवीरचक्र मिळालें. शांतता राखण्यास गेलेली फौज वाढत वाढत सत्तर हजारांच्या वर गेली. कामाचें स्वरूप आमूलाग्र पालटलें. परंतु तें पालटल्यावर लोकप्रतिनिधींचा कौल पुन्हां घेण्याची गरज कोणास वाटली नाहीं, कारण पहिला कौल तरी कायद्यानें कोठें लागत होता?

मग वाद झाला. तो झाला हें चांगलेंच झालें, पण तो ज्या रीतीनें झाला ती पाहण्यासारखी आहे. परत बोलवा म्हणणाऱ्यांस उत्तर मिळे कीं, देशाची प्रतिष्ठा पणास लागली आहे. १ जून १९८९ रोजीं श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनींच फौज जुलैअखेर हलवावी अशी जाहीर मागणी केली. तेव्हां ज्या घरमालकानें बोलाविलें म्हणून आम्ही गेलों तोच दार दाखवूं लागला, तरी प्रतिष्ठेचा प्रश्न सुटेना. शेवटीं दिल्लीस सरकार बदललें, आणि २४ मार्च १९९० रोजीं शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेंहून अधिक जवान तेथें राहिले. जखमी तीन हजारांच्या आसपास. परतणाऱ्या फौजेच्या मद्रासच्या स्वागतास तेथील मुख्यमंत्री करुणानिधि गेले नाहींत. धोरणावरचा राग शिपायावर काढण्याचा हा प्रकार आम्हांस तेव्हांही अयोग्य ठरावा असा होता आणि आजही आहे. ज्यास युद्ध नापसंत आहे त्यानें तर शिपायाचें स्वागत दुप्पट आदरानें केलें पाहिजे, कारण चुकीची किंमत त्यानेंच भरली. त्या मृतांचें स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेनें उभारलें. दिल्लींत राष्ट्रीय युद्धस्मारकाचें उद्घाटन झालें तें २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं, म्हणजे शेवटची तुकडी परतल्यावर एकोणतीस वर्षांनीं.

फौज परत आणण्याविरुद्ध सर्वांत परिणामकारक युक्तिवाद हा मृतांच्या नांवानें केला जातो. इतके पडले, आतां मागें फिरलों तर त्यांचें मरण फुकट गेलें, असें म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतें आणि विचार तेथेंच थांबतो. ज्यानें दिवाणी कोर्टांत वकिली केली आहे त्यास हा युक्तिवाद फार ओळखीचा आहे. हातभर बांधाचा दावा असतो. खालच्या कोर्टांत हरल्यावर पक्षकार म्हणतो, एवढा खर्च केला तो पाण्यांत घालूं कां? अपील होतें. अपिलांत हरल्यावर खर्च आणखी वाढलेला असतो, म्हणून दुसरें अपील. बैल जातो, बायकोचे डाग जातात, आणि बांध होता तेथेंच राहतो. गेलेला पैसा हें पुढें लढण्याचें कारण होऊं शकत नाहीं. पुढें जिंकण्याची आशा किती आणि जिंकून मिळावयाचें काय, एवढेंच कारण होऊं शकतें. अप्पा वसईपुढून उठले नाहींत तें बरोबर ठरलें, तें आधींचे हजारों पडले होते म्हणून नव्हे. खिंडार पडूं घातलें होतें, साध्य ठरलेलें होतें, आणि पावसाळ्यानें मुदतही घालून दिली होती; जूनपर्यंत किल्ला येईल किंवा वेढा उठेल, तिसरा मार्ग नव्हता. जाफन्यास साध्य बदललें आणि मुदत तर नव्हतीच. सुराबायास साध्यच दुसऱ्याचें होतें. मेलेल्यांवर आणखी मेलेले रचल्यानें पहिल्यांचा मान वाढतो ही कल्पना आम्हांस क्रूर वाटते.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. आंकडे सांगितले तर शत्रूस बळ येतें आणि सैन्याचा धीर खचतो. पलटण आज कोठें आहे, उद्यां कोणत्या वाटेनें जाणार, हें गुप्त राहिलेंच पाहिजे. त्याबद्दल वाद नाहीं. परंतु किती मेले हें शत्रूस आमच्याआधीं कळलेलें असतें, त्यानेंच तर मारलेले असतात. लपवून ठेविलें जातें तें फक्त मेलेल्याच्या देशबांधवांपासून. शिवाय गुप्ततेस मुदत कोणती? १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल साठ वर्षें उलटून गेलीं तरी सरकारनें प्रसिद्ध केलेला नाहीं. त्या पराभवानंतर संरक्षणखातें सांवरण्यास महाराष्ट्रांतून यशवंतराव चव्हाणांस दिल्लीस जावें लागलें. त्यांच्या हयातींतही तो निघाला नाहीं. मेसोपोटेमियाच्या चौकशीस परक्या सरकारनें जेवढा उजेड दिला तेवढाही आम्हीं आपल्या सरकाराकडून मिळविला नाहीं, हें लिहितांना लाज वाटते. आमच्या धंद्यांतल्या लोकांचा दोषही यांत लहान नाहीं. चित्रवाणीच्या पडद्यावर तोफांचीं चित्रें फिरवून रणगर्जना करणाऱ्यांस जखमींच्या इस्पितळाचा पत्ता विचारावा, म्हणजे त्यांच्या राष्ट्रभक्तीचें माप कळेल.

आतां कायद्याचें. घटनेच्या ५३ व्या कलमाप्रमाणें सैन्याचें सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि त्याचा वापर कायद्यानें नियंत्रित व्हावा असें त्याच कलमांत म्हटलें आहे. युद्ध आणि शांतता हा विषय संघसूचींत १५ वा आहे, तेव्हां संसदेस कायदा करण्याचा अधिकार निःसंशय आहे. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें आणीबाणीच्या घोषणेस एका महिन्याच्या आंत दोन्ही सभागृहांची खास बहुमतानें मान्यता घेणें सक्तीचें केलें. म्हणजे देशांतील नागरिकाचे हक्क आंखडावयाचे तर संसदेकडे जावें लागतें, आणि त्याच नागरिकाच्या मुलास परदेशीं मरावयास धाडावयाचें तर जावें लागत नाहीं. व्हिएतनामांत हात पोळल्यावर अमेरिकेनें १९७३ सालीं कायदा केला. अध्यक्षानें फौज युद्धांत उतरविली तर ४८ तासांत काँग्रेसला कळवावें, आणि साठ दिवसांत तिची संमति न मिळाल्यास ती मागें घेण्यास लागावें, असें त्यांत आहे. अध्यक्षांनीं त्यास पुष्कळ पळवाटा काढल्या हें खरें. जर्मनींत मात्र १९९४ पासून घटनाकोर्टाच्या निकालाप्रमाणें सैन्य सशस्त्र कामगिरीवर बाहेर धाडावयाचें तर लोकसभेची संमति लागते, आणि त्यायोगें जर्मनीचें संरक्षण दुबळें झालें असें दिसत नाहीं. २०१३ सालीं सीरियावरील हल्ल्याचा ठराव इंग्लंडच्या कॉमन्स सभेनें फेंटाळला आणि प्रधानमंत्र्यानें तो निकाल मानला.

आमची मागणी यापेक्षां मोठी नाहीं. आपल्या सरहद्दीवर हल्ला झाला असतां त्यास तोंड देण्यास सरकारास कोणाची वाट पाहावी लागूं नये. परंतु सरहद्दीबाहेर फौज धाडली तर एका महिन्याच्या आंत लोकसभेची मान्यता घ्यावी; धाडतांना सांगितलेलें काम बदललें तर ती पुन्हां घ्यावी; आणि मेलेल्यांची व जखमींची यादी, घरच्यांस कळविल्यानंतर, दर तीन महिन्यांनीं सभागृहापुढें ठेवावी. संयुक्त राष्ट्रसंघाच्या झेंड्याखालीं जाणाऱ्या तुकड्यांसही हाच नियम लागूं असावा. एखाद्या सभासदानें एवढ्या चार कलमांचें खासगी विधेयक मांडलें तर तें मंजूर होणार नाहीं हें आम्ही जाणतों. खासगी विधेयकें बहुधा मंजूर होत नाहींत. परंतु तें मांडलें म्हणजे सरकारास नकाराचीं कारणें उभें राहून सांगावीं लागतील, आणि तीं सभागृहाच्या दप्तरांत नोंदलीं जातील. महाराष्ट्राच्या सभासदांनीं यांत पुढाकार घ्यावा, कारण मराठा आणि महार या दोन्ही रेजिमेंटांचीं नांवें आमच्या घरांतून गेलेलीं आहेत. यादी इंग्रजींत दिल्लीस ठेवून भागणार नाहीं. ती त्या त्या जिल्ह्याच्या भाषेंत छापून तालुक्याच्या कचेरींत लावावी, म्हणजे बाजारास आलेल्या माणसास उभ्या उभ्या वाचतां येईल.